जुन्या लाकडी बोटीचं इंजिन: जे नाही, त्याची यादी



आजचा विषय काहींना चमत्कारिक वाटेल. जुनी लाकडी बोट, तिच्यातलं तितकंच जुनं डिझेल इंजिन आणि त्या इंजिनाचे गायब झालेले भाग. ‘आम्ही नागपूरचे, आम्हाला समुद्र कुठला’ असं म्हणून कोणी उठू नका. ज्यांच्या शेतावर आजोबांचा ट्रॅक्टर किंवा बंद पडलेला पंप उभा आहे, त्यांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल. कोकणातल्या मंडळींना तर सगळंच.

आधी माझा अधिकार काय, ते सांगतो. मी इंजिनिअर नाही. फिजिक्सचा बी.एस्सी. शॉर्ट सर्व्हिससाठी याच शहरात, सेंट थॉमस माउंटला ट्रेनिंग घेतलं, मग आर्मी सर्व्हिस कोअर. गाड्या उघडून दुरुस्त करणारे ईएमईवाले वेगळे. आमचं काम गाड्या चालत्या ठेवायच्या आणि त्यांचा हिशेब द्यायचा. नव्या माणसाने चार्ज घेतला की पहिला कागद तयार होतो तो डेफिशियन्सी लिस्टचा. काय आहे ते नव्हे, काय नाही ते. शक्तिमान ट्रक समोर उभा आहे, चालतोही आहे, पण जॅक नाही, मागचा रिफ्लेक्टर नाही, फ्युएल टँकचं मूळ झाकण नाही, तिथे चिंधी कोंबलेली आहे. हे सगळं कागदावर आल्याशिवाय सही करायची नाही. निवृत्तीनंतर चेन्नईत राहिलो, तेव्हा ही सवय अशा ठिकाणी कामाला आली की जिचा मी कधी विचार केला नव्हता.

माझ्या परिचयाचे एक तमिळ गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना अण्णा म्हणतो. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे शब्द एकच, ही मोठी सोय आहे. त्यांच्या वडिलांचा धंदा बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला आणि गोडं पाणी पोचवण्याचा. त्यासाठी साठच्या दशकात बांधलेली सागवानी लाँच, बत्तीस फुटी, काशीमेडूच्या पुढे एका यार्डात कित्येक वर्षं टेकूवर उभी होती. अण्णांची मुलगी अमेरिकेत. तिची दोन मुलं त्या उन्हाळ्यात येणार होती आणि अण्णांनी ठरवलं होतं की पणजोबांच्या बोटीतून त्यांना काशीमेडूहून एन्नोरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून आणायचं. बोटीचा सांगाडा चांगला होता. काही फळ्या बदलल्या, सांध्यांत कापूस ठासून झाला. इंजिनाचं मात्र बघायचं होतं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून मासेमारी बंद असते. आपल्या महाराष्ट्रात ती 1 जून ते 31 जुलै. या 61 दिवसांत प्रत्येक बोटवाला आपली बोट दुरुस्त करून घेतो. मेकॅनिक, सुतार, लेथवाला, कोणीही हाताला लागत नाही आणि लागला तर भाव दुप्पट. हौशी माणसाने बंदी उठल्यावर जावं.

अण्णांनी मेकॅनिक गाठला. माणूस हुशार, हात सोन्यासारखा. अण्णांच्या मते इंजिनात चार गोष्टी नव्हत्या: स्टार्टर, डायनमो, पाण्याचा पंप आणि दोन इंजेक्टरचे पाइप. मेकॅनिकने पाइप वाकवून बसवले, कुठून तरी उसना स्टार्टर आणला, पंपाच्या जागी रबरी नळी लावून बादलीतून पाणी सोडलं आणि दोन दिवसांत इंजिन सुरू करून दाखवलं. काळा धूर, मग निळा, मग जवळपास स्वच्छ. अण्णांच्या डोळ्यांत पाणी. मेकॅनिक म्हणाला, “ओडुम सार, ओडुम!” म्हणजे चालेल, पळेल. पुढच्या रविवारची फेरी तिथल्या तिथे ठरली.

मी म्हटलं, मला आधी यादी करू द्या. यादीत तेवीस गोष्टी निघाल्या.

आता मुद्द्यावर येतो. इंजिनातून गायब झालेले भाग दोन जातींचे असतात. काही असे की ते नसले तर इंजिन सुरूच होत नाही. त्यांची काळजी करायचं कारण नाही, ते आपल्याला स्वतःहून शोधायला लावतात. दुसरे असे की ते नसले तरी इंजिन मजेत सुरू होतं, गुरगुरतं, आणि मग पाण्यात गेल्यावर हिशेब मागतं. अण्णांच्या तेवीसपैकी एकोणीस या दुसऱ्या जातीचे होते.

भाग जातात कुठे, याचा विचार केला तर यादी अर्धी आपोआप तयार होते. पहिलं कारण उसनवारी. उभ्या बोटीतून चालत्या बोटीसाठी ‘दोन दिवसांकरता’ स्टार्टर नेला जातो. लष्करात याला कॅनिबलायझेशन म्हणतात आणि परवानगी आणि नोंद असल्याशिवाय करता येत नाही. यार्डात नोंद कोण ठेवतो? दुसरं कारण वजनाचा भाव. तांबं आणि पितळ भंगारात चांगलं जातं, म्हणून तांब्याचे पाइप, पितळी गाळण्या, कॉकचे दांडे पहिले नाहीसे होतात. तिसरं कारण सगळ्यात वाईट: एखाद्या जुन्या मेकॅनिकने ‘याची गरज नाही’ म्हणून काढून टाकलेल्या वस्तू. थर्मोस्टॅट, जस्ताच्या कांड्या, सायफन तोडणारा व्हॉल्व्ह, शाफ्टवरचं झाकण. या कोणी चोरत नाही. या फेकल्या जातात, आणि म्हणून पुढच्या माणसाला त्या कधी होत्या हेही कळत नाही.

मग कळणार कसं? जागा वाचायची. गेलेला भाग आपली खूण ठेवून जातो. बिडाच्या ब्लॉकवर रंग उडालेला असतो, पण एका चौकोनात जुना हिरवट रंग ताजा आहे. म्हणजे तिथे काहीतरी बसलेलं होतं. भोकाच्या आतले आटे चकचकीत असतील तर बोल्ट अलीकडे काढला आहे, गंजलेले असतील तर फार पूर्वी, आणि ग्रीस-मातीने भरलेले असतील तर कदाचित तिथे कधीच काही नव्हतं, कारण एकच ब्लॉक अनेक कामांसाठी ओतलेला असतो. पुलीला दोन खाचा आहेत आणि दोन्ही झिजून गुळगुळीत आहेत, पण पट्टा एकच. तर दुसऱ्या पट्ट्यावर काय चालायचं? पॅकिंगच्या कागदाचा तुकडा चिकटलेला असेल तर तो खरवडू नका, आधी त्याचा फोटो घ्या, कारण झाकणाचा आकार त्याच्यावर उमटलेला असतो. नळीच्या तोंडाला लाकडी खुंटी ठोकलेली दिसली तर तिथे थांबा. खुंटी म्हणजे कोणीतरी हार मानल्याची जागा. एक सूचना: एक्झॉस्टवर पांढरी जुनी दोरी गुंडाळलेली असेल तर हाताने ओढू नका. ती बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसची असते. ओली करून, तोंडावर चांगला मास्क लावून, जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या.

यादी झाली की प्रश्न येतो, हे इंजिन कुठलं? आमच्या इंजिनाची नावाची पट्टी गेलेली होती, चार छोटी भोकं तेवढी शिल्लक. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत एक नंबर होता आणि मेकॅनिक तोच घेऊन दुकानात गेला. तो कास्टिंग नंबर. ओतकामाच्या साच्याचा नंबर, भागाचा नव्हे. एकाच साच्यातून निघालेली वस्तू पुढे तीन प्रकारे कोरली जाऊ शकते. खरा नंबर पंचने ठोकलेला असतो आणि तो बहुधा रंगाखाली असतो.

हेड उतरवल्यावर मोजमाप घेतलं. सिलिंडर सहा. बोअर 89 मिलिमीटरला थोडा वर, स्ट्रोक 127. नव्या माणसाला हे आकडे विचित्र वाटतात; इंचात करा. साडेतीन आणि पाच. एक लक्षात ठेवा, बोअर झिजतो, घासून मोठा केला जातो, स्लीव्ह घालून लहान केला जातो. स्ट्रोक बदलत नाही. म्हणून स्ट्रोकवर विश्वास ठेवायचा. सहा सिलिंडर, साडेतीन बाय पाच इंच, म्हणजे सुमारे 4.73 लिटर: पर्किन्सचं पी-6. इंग्लंडमधल्या पीटरबरोची ही कंपनी 1932 सालची. पी-6 तिने 1937 मध्ये काढलं आणि ते लॉरीत, ट्रॅक्टरवर, बोटीत, सगळीकडे बसलं. आता गंमत बघा. पुढे पर्किन्सची इंजिनं याच शहरात बनू लागली, सिम्प्सन कंपनीत. 1840 पासूनची ही कंपनी मुळात घोडागाड्या बनवणारी. अण्णा पीटरबरोला पत्र लिहायला निघाले होते. ज्या घराण्याचं इंजिन होतं, त्याची पाटी अण्णा सालईवर रोज त्यांच्या बसच्या खिडकीतून दिसत होती.

यातून एक मोठी गोष्ट सुटते. बोटीतलं असं इंजिन दोन अर्ध्यांचं असतं. एक अर्ध लॉरीत जन्मलेलं: पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग, इंजेक्टर, स्टार्टर. दुसरं अर्ध समुद्रासाठी नंतर चढवलेलं: खाऱ्या पाण्याचा पंप, पाण्याने गार होणारा एक्झॉस्ट, ऑइल कूलर, गिअरबॉक्स. यादीचे दोन भाग करा. पहिल्या भागासाठी बाजारात जायचं. दुसऱ्या भागासाठी बाजारात गेलात तर तुमच्या गळ्यात लॉरीचा भाग बांधला जाईल, आणि तो बसेलही.

चेन्नईत बाजार म्हणजे पुदुपेट. कूवम नदीच्या काठचं जुन्या गाड्यांच्या भागांचं बाजारपेठ-जंगल. पुण्या-मुंबईचे लोक कुर्ल्याचं नाव काढतात. पुदुपेटला एकदा येऊन बघा. तिथे ‘पर्किन्सचा स्टार्टर आहे का’ असं विचारलं तर सगळे ‘आहे’ म्हणतात. म्हणून वस्तूचा पुरावा हातात घेऊन जायचं. आम्ही फ्लायव्हीलच्या दातांवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतला, पाना मावेल तिथून फ्लँजच्या तीन भोकांमधली अंतरं मोजली, इंजिन कुठल्या बाजूला फिरतं ते लिहिलं. स्टार्टर पाचव्या दुकानात मिळाला. डायनमोऐवजी अल्टरनेटर घेतला. मूळपणाचा आग्रह मी इथे धरत नाही, बॅटरी भरली पाहिजे.

आटे हा स्वतंत्र घोळ आहे. जुनी इंग्रजी इंजिनं व्हिटवर्थ किंवा बी.एस.एफ. आट्यांची, त्यानंतरची अमेरिकी पद्धतीच्या यू.एन.सी. आणि यू.एन.एफ.ची, आणि आजच्या दुकानात मिळतो तो मेट्रिक बोल्ट. तीन अष्टमांश इंचाचा व्हिटवर्थ आणि त्याच मापाचा यू.एन.सी., दोघांना इंचाला सोळाच आटे. एकमेकांत सरळ जातात. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. म्हणजे बसला असं वाटतं, धरतो मात्र थोड्याच पृष्ठभागावर, आणि इंजिनाच्या थरथरीत सैल होतो. अर्ध्या इंचाला हा प्रश्न येत नाही, तिथे बारा आणि तेरा आटे असल्याने बोल्ट अडकतो आणि आपण शहाणे होतो. पॅरीस कॉर्नरच्या गल्ल्यांत आटे मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. तो खिशात असू द्या.

आता समुद्राचं अर्ध. अण्णांच्या बोटीत खारं पाणी थेट इंजिनात फिरायचं; जुन्या बोटींत ही पद्धत सर्रास होती. पाणी बोटीच्या तळातल्या एका भोकातून आत येतं आणि त्या भोकावर कॉक असतो. दांडा गायब, कॉक उघडा अडकलेला. मेकॅनिकने त्याच्यावर नळी चढवून क्लिप लावली होती. मी चाकूने कॉकचं अंग खरवडलं, तर आत गुलाबी. साधं पितळ खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा ठिसूळ स्पंज उरतो. वरून धातू दिसतो, हातोडीच्या टोल्याने बिस्किटासारखा तुटतो. एक इंचाचं भोक, पाण्याखाली दोन फूट. फिजिक्सचा विद्यार्थी म्हणून मी अण्णांना कागदावर मांडून दाखवलं: सेकंदाला सुमारे एक लिटर, मिनिटाला साठ, तासाला साडेतीन टनांवर पाणी. बोटीत कोण असणार होतं ते मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

दुसरी गायब वस्तू एक्झॉस्टजवळची. इंजिन गार करून आलेलं पाणी एक्झॉस्टच्या नळीत सोडतात. ती जागा पाण्याच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर असेल, सहा इंचांहून कमी, तर इंजिन बंद केल्यावर सायफनने समुद्र हळूहळू आत येत राहतो आणि एक्झॉस्टमार्गे सिलिंडरमध्ये शिरतो. सकाळी स्टार्टर दाबला की पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे टाळायला पाइपचा उंच वळसा आणि त्याच्या डोक्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. आमच्या बोटीत दोन क्लँपच्या खुणा आतल्या फळीवर उंचावर दिसत होत्या, बाकी काही नाही. एवढ्या उंचीवर क्लँप कशाला असतील, हा प्रश्न विचारला म्हणून उत्तर सापडलं.

थर्मोस्टॅटबद्दल मेकॅनिकशी माझा वाद झाला. आपल्या देशात ‘गरम हवेत थर्मोस्टॅट कशाला’ हा समज काश्मीर ते कन्याकुमारी एकसारखा आहे. अति थंड चालणाऱ्या डिझेलमध्ये तेलाचा चिखल होतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. उलट खारं पाणी थेट फिरणाऱ्या इंजिनात गोड्या पाण्याचा, ऐंशी अंशांच्या आसपासचा थर्मोस्टॅटही चालत नाही. साठ अंशांच्या वर क्षार आत बसायला लागतात. कमी तापमानाचाच लागतो. पुदुपेटमध्ये मिळतो तो लॉरीचा. हा भाग बोटीच्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून मागवावा लागला आणि त्यात तीन आठवडे गेले.

जस्ताच्या कांड्या: दोन भोकांत लोखंडी बोल्ट ठोकलेले होते. जस्त स्वतः झिजून इतर धातू वाचवतं. तिथे लोखंड घालणं म्हणजे पहारेकरी काढून दारात चोर बसवणं. पण लाकडी बोटवाल्यांनी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. बाहेरून जस्ताचे ठोकळे भरमसाट लावले तर बोल्टांभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड मऊ पडून तंतू सुटतात. फायबरच्या बोटवाल्याचा सल्ला सागवानी बोटीला लावायचा नाही.

पंपाचं शरीर कुठेच मिळालं नाही. मग ओतायचं. ब्लॉकवरच्या खुणांवरून आणि दुसऱ्या एका बोटीतल्या तशाच पंपावरून सुताराने लाकडी साचा केला. तो पंप मूळ नमुना म्हणून थेट वाळूत दाबला असता तर काम फसलं असतं, कारण धातू थंड होताना आकसतो. बीड फुटाला एक अष्टमांश इंच, ब्राँझ त्याच्या दीडपट. तेवढा साचा मोठा करायचा, आणि जिथे घासून सपाट करायचं तिथे वेगळी जाडी सोडायची. गनमेटलमध्ये ओतून घेतला. पहिल्या खेपेला ओतकामात बुडबुडे निघाले, दुसऱ्या खेपेला नीट.

गिअरबॉक्सची पट्टीही गेलेली. त्याला सोपा उपाय: खडूने दोन्हीकडे खूण करा, गिअर टाकून इंजिन हाताने दहा वेळा फिरवा आणि मागचा शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. आमचा वीसला दहा, म्हणजे दोनास एक.

हे सगळं होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. नातवंडं बोटीत न बसता परत गेली. अण्णा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि त्यांच्या मुलीने जाताना मला विचारलं की इंजिन तर सुरू होतं ना? मी तिला गुलाबी कॉक कागदात बांधून दाखवला. बोटाने त्याचा कडेचा तुकडा निघाला. ती काही बोलली नाही, पण तो तुकडा घेऊन गेली. अण्णांच्या मनात अजूनही किंतु आहे, आणि त्यांच्या वयाला एक उन्हाळा म्हणजे काय, हे मला समजतं. तरीही तीच परिस्थिती पुन्हा आली तर मी सही करणार नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत ईशान्य मान्सून, त्यात कोणी जुनी बोट उतरवत नाही. जानेवारीत उतरवली. इथे शेवटची तांत्रिक गोष्ट, लाकडी बोटीची खास. जमिनीवर टेकूवर असताना इंजिन आणि शाफ्ट कितीही सरळ रेषेत आणलेत तरी ते पक्कं धरू नका. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, सांगाडा आपला आकार घेतो. आम्ही चार दिवस बोट नुसती तरंगत ठेवली, पंपाने तळातलं पाणी उपसत राहिलो, मग कपलिंगचे बोल्ट सोडून फीलर गेजने चारी बाजूंना फट मोजली. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंचापर्यंत फरक चालतो. पाच इंची कपलिंगला पाच. आमचा निघाला अठरा. पुढच्या पायांखाली शिम घालून चारवर आणला.

तेविसापैकी बावीस गोष्टी बसल्या. नावाची पट्टी तेवढी नाही, आणि खोटी करून लावायला मी विरोध केला आहे. पुढच्या माणसाला ती फसवेल. यादी मात्र प्लास्टिकमध्ये घालून इंजिनाच्या खोलीच्या दाराला आतून लावली आहे. प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून आणली, आटे कुठले आणि कोणती वस्तू मूळ नाही, हे लिहिलं आहे. अल्टरनेटरपुढे लॉरीचा नंबर, पंपापुढे साचा कोणत्या सुताराकडे आहे ते. मेकॅनिकने तिच्या खाली तमिळमध्ये स्वतःची एक ओळ घातली: थर्मोस्टॅट काढू नये. उन्हाळ्यात मुलं परत येणार आहेत.

आता प्रश्न घेऊ या. मिरकरवाड्याच्या एका दर्शकाने डायनमोबद्दल विचारलं आहे, तिथून सुरुवात करतो.